आयुधपूजेची बंदूक

“बंदुकीला तिळाचं तेल? मी काय दोशे घालायला बसलोय?” वाटी हुंगून हनुमंतराव कुरकुरले. बंदुकीच्या तेलाची बाटली त्यांच्या गुडघ्याशीच होती. त्यांच्या बायकोनं, कामाक्षीबाईंनी, ती त्यांच्या हातात दिली. आज आयुधपूजा, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची हत्यारांची पूजा. गेल्या वर्षी नळीला लावलेलं ओलं चंदन, मांडलेली पूजा हलवेपर्यंत पुसायचं नाही म्हणून, तसंच राहिलं आणि आतबाहेर गंज चढला. हनुमंतराव सकाळपासून तो चाचपत घासत होते. उद्या विजयादशमीला ओरत्तनाडू गावच्या शेतावर जमलेल्या माणसांत पहिला बार त्यांनीच उडवायचा, ही घराची रीत. त्यांच्या डोळ्यांपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते; घरात तो विषय कुणीच काढत नव्हतं, खुद्द हनुमंतरावही नाही. बंगळूरच्या कंप्युटर कंपनीतून आलेला मुलगा आईकडे बघत राहिला. हनुमंतरावांनी नळी उजेडाकडे धरावी तशी वर करून आत डोळा लावला. “आरशासारखी चकाकतेय!” कामाक्षीबाई म्हणाल्या, “अहो, ती खिडकी नाही, भिंत आहे. तुम्हांला दिसत नाही.”