माथ्यावरचा फोन

"ही सेड, आय ॲम कमिंग." सुवर्णाबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. साडेतीनला डोंगरमाथ्यावरून, स्कीइंगला गेलेल्या मुलाचा, यतीनचा फोन आला होता. आता साडेपाच होत आले होते आणि यतीनचा पत्ता नव्हता. खाली गावात त्याची वाट बघत थांबलेल्या सुनेला, आश्लेषाला, स्की पॅट्रोलच्या बचाव पथकातला रॉन नुकताच वर रेस्टॉरंटमध्ये घेऊन आला होता.

कोलोरॅडोच्या डोंगरातलं हे रेस्टॉरंट मोठं नामांकित. भिंतीवर जुन्या लाकडी स्की, त्यांच्याखाली सत्तर वर्षांपूर्वीच्या शर्यतवीरांचे हसरे फोटो. फरच्या कोटातली एक बाई मघाशी गरम चॉकलेटचा कप ठेवून मुद्दाम उठून आली आणि सुवर्णाबाईंचा हात दाबून गेली. त्या अनोळखी मायेनंच त्यांना धडकी भरली होती.

रॉनने नकाशा पसरला. माथ्यावरून दोनच वाटा होत्या. एक इकडे रेस्टॉरंटकडे यायची, दुसरी पलीकडच्या मोकळ्या दरीत उतरायची.

"तो इकडे येत होता, म्हणून आम्ही सगळी माणसं याच बाजूला लावली," तो आश्लेषाला म्हणाला. "झाडन्‌झाड पाहिलं. नाही सापडला."

सुवर्णाबाईंना मघाशी स्वतःचं जरा कौतुकच वाटलं होतं. नागपुरात साठीला आल्यावर लावलेला इंग्रजीचा क्लास ऐन वेळी उपयोगी पडला, सुनेवाचून काही अडलं नाही.

आश्लेषा नकाशाकडे बघत होती. "आई, यतीन मराठीत काय म्हणाला? अगदी शब्दन्‌शब्द सांगा."

"जेवलीस का, म्हणाला. मी म्हटलं, हो. मग म्हणाला, बरं, येतो गं. आणि ठेवला."

आश्लेषाचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही वॉजन्ट कमिंग!" ती रॉनकडे वळली. "आमच्यात निघतानाही तसंच म्हणतात. इट जस्ट मीन्स बाय. तो पलीकडे उतरला असेल."

पावणेचारला पलीकडे बर्फाचा कडा कोसळला होता. आवाज इथवर आला होता. तिकडे कुणी नाही असं धरून पॅट्रोलची माणसं गेलीच नव्हती. रॉनने रेडिओ तोंडाशी धरला आणि भराभर माणसं तिकडे वळवायला सांगितली. रेडिओवरून कुणीतरी विचारलं, किती वेळ झाला?

"पावणेदोन तास," रॉन म्हणाला.

हेही इंग्रजी सुवर्णाबाईंना नीट कळलं. आश्लेषा त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांनी पुढे होऊन तिचा दंड घट्ट धरला.

"अगं, मग काय म्हणायला हवं होतं त्यानं?" त्यांनी विचारलं. "जातो?"