रिकामी वाटी

चौदा नंबरचा हॅमस्टर काट्यावर बसला. एकशे एकवीस ग्रॅम. लागण करण्याआधी तो एकशे चोवीस होता. नऊ दिवसांत तीन ग्रॅम उतरला. साहेबांचं वजन एका बैठकीत याहून जास्त वाढायचं.

"बघा मामा, हाही मजेत आहे," मॅडम म्हणाल्या.

मामा म्हणजे संस्थेतले प्राणी सांभाळणारे. नोकरी बावीस वर्षांची. नऊ दिवसांच्या रजेनंतर आज कामावर आले होते. मॅडम त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, विषाणूंवर डॉक्टरेट केलेल्या. मामा नव्हते तेव्हा रोजची वजनं त्यांनीच घेतली होती, एकावर एक दोन हातमोजे घालून, एकही दिवस न चुकवता. कामचुकारपणा झाला असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

काचेपलीकडच्या खोलीत केक आला होता. नवा व्हेरियंट सौम्य निघाला, म्हणून केक. मागच्या महिन्यात जुन्या व्हेरियंटने हॅमस्टरांचं वजन शेकडा बाराने उतरवलं होतं. नव्याने शेकडा तीननेही नाही. म्हणजे विषाणू सुधारला होता. साहेब त्याच्याविषयी हल्ली होतकरू भाच्याविषयी बोलावं तसं बोलत. पाचव्या दिवशीच त्यांनी प्राथमिक निष्कर्ष जाहीर करून टाकला. फुप्फुसं तपासायची राहिली होती. पण फुप्फुसांना घाई नव्हती, बातमीला होती. पक्का अहवाल आज बारा वाजता जायचा होता.

हॅमस्टरांना लागण केली त्याच दिवशी मामांच्या बायकोला ताप आला होता. तिलाही तोच व्हेरियंट. फरक एवढाच, की हॅमस्टरांचं रोज वजन व्हायचं. मामांनी रजा टाकली. ती आतल्या खोलीत, हे बाहेर. ताट दाराशी ठेवायचं, कडी वाजवायची, अर्ध्या तासाने रिकामं ताट उचलायचं. सहाव्या दिवशी तिला बोलताना धाप लागली. मामांनी डॉक्टरांना फोन केला. दवाखान्यात आणू का, विचारलं.

"जेवतात का त्या?"

"जेवते. ताट रिकामं येतं."

"मग कशाला खाट अडवता? अहो, सौम्य आहे हे. तुमच्याच संस्थेने सांगितलंय आणि तुम्हीच घाबरता?"

मामा घाबरायचे थांबले. संस्थेवर त्यांचा विश्वास होता. सातव्या दिवशी ती गेली. तीही सौम्यपणेच गेली म्हणायची. हाकसुद्धा मारली नाही.

आज मामा आल्यावर सगळ्यांनी दुःख व्यक्त केलं. साहेबांनी तर केक तासभर पुढे ढकलला.

मामांनी चौदा नंबरला तळहातावर घेतलं. त्याचा गाल चाचपला.

"मॅडम, गाल रिकामे केले होते का?"

"कसले गाल?"

मामांनी त्याच्या कानाखाली अंगठा टेकवला आणि हळूच पुढे सरकवला. तोंडातून दाणे पडले. एक, दोन, मग ढीगच. दुसऱ्या गालातूनही तसेच. ओले, लगदा झालेले, एकही गिळलेला नाही.

"गालात पिशव्या असतात ह्यांच्या," मामा म्हणाले. "मिळेल ते आधी भरून ठेवतात. तब्येत बरी असली की मागाहून खातात. नसली तर नुसतं भरतात. वजनाआधी मी काढून घेतो."

मागच्या महिन्यातली वजनं मामांनी घेतली होती. या खेपेचं पहिलं वजनही त्यांचंच. पुढची सगळी मॅडमची. कामाच्या नियमपुस्तकात सत्तेचाळीस पानं होती. हॅमस्टर कसा उचलावा यावर तीन, पिंजऱ्यावर चिठ्ठी कुठे लावावी यावर दोन. गालांवर एकही ओळ नव्हती. पुस्तक लिहिणाऱ्यांनी हॅमस्टर उचललेला नव्हता आणि उचलणाऱ्याला कुणी विचारलेलं नव्हतं.

मामांनी चौदा नंबरला पुन्हा काट्यावर ठेवलं. एकशे नऊ.

मॅडमनी तो आकडा दोनदा वाचला. मग स्वतःच पंधरा नंबर काढून दिला. एकशे सात. सोळा नंबर शंभराच्याही खाली गेला.

"काय मामा, किती वेळ?" भिंतीवरच्या स्पीकरमधून साहेब म्हणाले. काचेपलीकडे ते सुरी हलवून दाखवत होते. "तुमच्यासाठी थांबलोय बरं का आम्ही! मॅडम, तेवढी सही करून टाका, पावणेबारा झाले."

मॅडमनी बटण दाबून स्पीकर बंद केला. समोरच्या तक्त्यावर शेवटच्या रकान्यात 'सौम्य' लिहिलेलं होतं. त्यांनी तो शब्द खोडला. एकदा खोडून भागलं नाही, म्हणून कागद फाटेपर्यंत खोडला.

"पण मामा, वाटी रोज रिकामी असायची हो," त्या म्हणाल्या. "मी स्वतः बघायचे. मला वाटलं, खातायत."

मामांनी सोळा नंबरला पिंजऱ्यात सोडलं, दार लावलं.

"ताटही रोज रिकामंच यायचं, मॅडम. काल तिची खोली आवरली. पलंगाखाली पिशवी होती. पहिल्या दिवसापासूनचं जेवण होतं तिच्यात."