चष्म्याचं कलम

"माझ्या या दोन डोळ्यांनी बघितलंय! माझी साक्ष फिरवणारा वकील अजून जन्माला यायचाय!" साक्षीदाराच्या पिंजऱ्यात छाती काढून शिंपीकाका म्हणाले.

पुतण्याच्या वकिलाला जन्मून चांगली पंचेचाळीस वर्षं झाली होती. तो शांतपणे उठला.

समोर भाची बसली होती, हातात रुमालाचा पार बोळा करून. तिचे मामा, म्हणजे गावाचे घड्याळजी, जाताना दुकान तिच्या नावावर लिहून गेले होते. अकरा वर्षं ती त्याच टेबलाशी बसून लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करत होती. मृत्युपत्र खरं ठरलं तर दुकान तिचं. नाही ठरलं तर घड्याळजींच्या पुतण्याचाही हिस्सा, आणि त्याने गिऱ्हाईक आधीच बघून ठेवलं होतं. सही होताना साक्षीदार दोन होते. त्यातले डॉक्टर घड्याळजींच्या मागोमाग वर गेले. उरले एकटे शिंपीकाका.

"ही सही त्यांचीच ना?" वकिलाने कागद पुढे केला.

काकांनी खिशातून चष्मा काढला. जाड तपकिरी काड्या, एक मोडलेली आणि काजं शिवायच्या रेशमाने घट्ट बांधलेली.

"हा तर आमच्या काकांचा चष्मा!" पुतण्या जागेवरून ओरडला.

"मग? माझ्यावर मी बसलो," शिंपीकाका म्हणाले. "नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत हाच. सकाळी पेपर आधी तो वाचतो, मग मी. शब्दकोडं आडवं त्याचं, उभं माझं."

वकिलाचा चेहरा उजळला. "म्हणजे सही करताना चष्मा कुणाच्या नाकावर होता?"

"त्याच्याच. त्याशिवाय सही करणार कशी?"

"आणि तुमच्या नाकावर?"

"माझी सही व्हायची होती ना अजून. तोपर्यंत काही नव्हतं."

कोर्टात खसखस पिकली. वकिलाने चष्मा मागून घेतला, कागद काकांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "वाचा." काकांनी मान मागे नेली, पुढे आणली, एक डोळा मिटला. शेवटी कपाळावर घाम आला. भाचीने मान खाली घातली.

जजबाई पुढे झुकल्या. "काका, वाचायचं राहू द्या. त्या वेळी चष्म्याशिवाय तुम्हाला काय दिसलं, तेवढं सांगा."

"अक्षर नाही दिसलं, बाई. खोटं कशाला बोलू? पण तो दिसला की! टेबलापलीकडे होता. सही करताना तो जीभ बाहेर काढतो. डावीकडून. शाळेपासूनची खोड. मास्तरांनी छड्या मारल्या, तरी जीभ काही आत गेली नाही. तशीच काढली, सही केली, आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारली. ती इतकी जोरात की कागद उडाला. तो धरायला मी धावलो आणि माझा चहा सांडला. मग चष्मा काढून मला दिला, म्हणाला, 'आता तू कर, पण सहीच कर, वाचत बसू नकोस.' मग डॉक्टरांनीही सही केली, आमच्या दोघांसमोर."

जजबाईंनी कागद उजेडाकडे धरला. कोपऱ्यात चहाचा डाग होता, अर्ध्या बशीएवढा.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "साक्षीदाराला मजकूर वाचायला लागत नाही. सही होताना बघायला लागतं. यांनी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्तच बघितलंय."

वकिलाने शेवटचा डाव टाकला. "मग शेवटचं कलम बघा! या साक्षीदारालाही मृत्युपत्रातून मिळतंय!"

"मला?" शिंपीकाका दचकले. "काय मिळतंय?"

जजबाईंनी वाचलं: "माझा चष्मा माझा मित्र शिंपी याला द्यावा. त्याने यापुढे बसण्याआधी खाली बघावं."

काकांचे डोळे भरून आले. चष्मा नसल्यामुळे डोळे पुसायला मात्र सोपं गेलं.

"साक्षीदाराला दिलेली वस्तू रद्द," जजबाई जरा हळू म्हणाल्या. "कायदा तसा आहे, काका. बाकी मृत्युपत्र मंजूर. दुकान भाचीचं, आणि उरलंसुरलं सगळंही तिचंच. त्यात हा चष्माही आला."

बाहेर व्हरांड्यात काकांनी वकिलाकडून परत मिळालेला चष्मा दोन्ही हातांनी भाचीपुढे धरला. "घे बाई. कोर्टाचा हुकूम."

"माझा झाला ना आता हा? मग माझं मी बघेन," भाची म्हणाली आणि तिने तो त्यांच्याच नाकावर चढवला. "मला चाळिशी लागायला अवकाश आहे. उद्या सकाळी दुकानात या. शब्दकोडं आडवं माझं."

ती निकालाची नक्कल मागायला खिडकीशी गेली. काका बाकाशी आले. मित्राचं म्हणणं आठवलं. त्यांनी वाकून बाक नीट बघितला, हाताने चाचपला आणि मगच बसले. पुन्हा डोळे भरून आले, म्हणून चष्मा काढून शेजारी ठेवला आणि रुमाल शोधू लागले.

तेवढ्यात पुतण्या आला. पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "शिंपीकाका, चुकलंच माझं. राग धरू नका." 

आणि तो शेजारी बसला. त्याने खाली बघितलं नाही.