गुलाबोची अलाबला

म्हातारी गुलाबो शेळी मेली, तर वारंगा फाट्याच्या सादिकला ओसरीवरची बाजेची जागा आणि बायकोचं अर्धं लक्ष परत मिळणार होतं.

शेळी मागच्या डाव्या पायानं लंगडून राहिली होती. बायकोनं, नजमुन्निसानं, तिच्या तोंडावरून हात फिरवले आणि आपल्याच कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. "तुझी बला मला लागो, बाई."

"माझी बला कधी घेतली न्हाईस तू!" सादिक हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबो उड्या मारत होती. नजमुन्निसाचा डावा पाय उचलेना.

सादिकचं हसू जिरलं. त्यानं घाबरत तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. ती तरातरा चुलीकडं गेली. तो डावा पाय धरून बाजेवर कोसळला.

गुलाबोनं येऊन त्याच्या गालाला तोंड घासलं. मग बोटं नसलेल्या त्या जनावराकडून कडाकडा आवाज आला.

सादिक धडधाकट उठला. गुलाबो डावा पाय ओढत, त्यानं बाजेसाठी हिशेबात धरलेल्या ओसरीवरच्या त्याच जागेवर जाऊन बसली.