कड्या

भूषण भाजी आणायला गेला, तशी चंपाबाईंनी मोरीतली फिनेलची बाटली उचलली. सुरी, विळी, कात्री गोळा केली. तो रांगायला लागला तेव्हाही त्यांनी असंच घर आवरलं होतं. रांगत्या गुडघ्यांच्या वाटेतलं टोकदार ते सगळं उंचावर गेलं होतं.

आता तो एकोणतीस वर्षांचा होता. हिंजवडीच्या नोकरीत बिनपगारी रजा टाकून कर्वेनगरला घरी येऊन बसला होता. का, ते सांगत नव्हता. आणि आज धुण्याचे कपडे काढताना त्याच्या बॅगेत झोपेच्या गोळ्या निघाल्या होत्या. मूठभर पाकिटं.

"अहो, बाथरूमची कडी काढा. त्याच्या खोलीचीही."

भीमरावांनी पेपर खाली ठेवला. "एवढ्या घोड्याला आता पाळणाही आणू का?"

"चेष्टा सुचतेय तुम्हाला!"

ते मुकाट उठले. कारखाना बंद पडल्यापासून ते असेच, बोलले तर बोलले. कड्या निघाल्या. सुऱ्या, बाटल्या, गोळ्या, सगळं नवरा-बायकोच्या खोलीतल्या कपाटात गेलं.

"किल्ली माझ्याकडे दे," भीमराव म्हणाले. "तू हरवशील."

चंपाबाईंना हायसं वाटलं. भूषण तरी बापाला कुठं सोडत होता? ते बाल्कनीत बसले की हा शेजारी. ते फिरायला निघाले की याच्या पायात चपला. भ्यालेलं लेकरू बापाचं बोट घट्ट धरतं, तसंच.

भूषण आला. पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाला, "आई, सुरी कुठंय?"

"कशाला?"

"कांदा चिरायला. अजून कशाला?"

चंपाबाईंचा बांध फुटला. "कप फोडलास तरी आधी मला येऊन सांगायचास रे. रागावले का मी कधी? मग आताच का गप्प? का मरायचंय तुला?"

"मला?" तो बघतच राहिला.

"त्या बॅगेतल्या गोळ्या..."

"त्या बाबांच्या उशीखाली होत्या, आई. गेल्या खेपेला मला सापडल्या. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली त्यांनी. म्हणून तर रजा घेऊन आलो." त्यानं बॅगेकडे पाहिलं. "कुठायत त्या?"

"कपाटात. कुलूप लावलंय."

"आणि किल्ली?"

बाल्कनीतली खुर्ची रिकामी होती. पेपर तेवढा वाऱ्यानं फडफडत होता. आतून त्यांच्या खोलीची कडी लागली. आतल्या दारांपैकी तेवढी एकच चंपाबाईंनी ठेवली होती.