नातं कसं जुळलं

नॉर्वेला कायमचं जायला आता शिक्षण लागत नव्हतं, पैसाही लागत नव्हता. तिथं रक्ताचा माणूस असला आणि त्याने अर्जावर सही केली की झालं. यशोधरा वाघमारेच्या थुंकीच्या डीएनए तपासणीत असा माणूस सापडला. तो होता ऑस्लोतला तन्मय इनामदार, तिच्या आईच्या माहेरगावच्या इनामदारांचा पणतू. दोघांचा पणजोबा एकच निघाला.

आई इनामदारांना द्यायला पापड बांधत होती.

"माझ्या आजीचा हात लागला तर ते रांजण फोडायचे. आता पापड खातील का गं?"

"खातील की. रक्त चाललं ना!"

अर्जात एकच प्रश्न उरला होता. नातं कसं जुळलं? लग्न, दत्तक की इतर? तेवढ्यात तन्मयचा फोन आला.

"यशोधराताई, नुसतं 'इतर' लिहा ना. सही मी लगेच करतो. आई-बाबाही अर्ज वाचणारेत."

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला.

"लिही बाई तो म्हणतो तसं," आई म्हणाली. "दोन वर्षं थांबलीयस."

यशोधराने 'इतर' निवडलं. खाली खुलाशाला जागा होती. तिथं तिने लिहिलं : बळजबरीने. माझी पणजी हौसा ही इनामदारांच्या शेतात खुरपायला जायची. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

अर्ज सहीसाठी ऑस्लोला गेला.

आईने पापडांच्या पुड्याला शेवटची गाठ मारली. मग म्हणाली, "करेल का गं तो सही?"

"नाही करणार कदाचित. पण नाही म्हणायच्या आधी वाचावं तर लागेल."