विमलाकाकीचा ब्लॉग

“मीच लिहिते,” विमलाकाकी म्हणाली. “आणि बंद करणार नाही.”

देवळाच्या सभामंडपात बसलेल्या गावकीच्या मानकऱ्यांची पंचाईत झाली. मंडळी चौकशीची तयारी करून आली होती. कबुलीची तयारी कुणीच केली नव्हती.

‘खंड्याची नजर’ नावाचा तो ब्लॉग पूर्णगडापासून पावसपर्यंत घरोघरच्या मोबाईलवर फिरत होता. लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. पण एका फोटोत विमलाकाकीच्या अंगणातली विहीर दिसली, आणि एवढी तिखट जीभ गावात दुसरी नव्हती. मग बोलावणं आणखी कुणाला जाणार?

“विमले, शिमगा तोंडावर आलाय,” गावकीचे प्रमुख गावकर आप्पा म्हणाले. “लिहिणं बंद कर. नाहीतर यंदा देवीची पालखी तुझ्या दारात थांबणार नाही.”

काकीच्या मागे उभी असलेली सून मनस्वी दचकली. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच शिमगा. नवरा विनीत मुंबईहून रजा टाकून येणार होता, दोघांनी जोडीनं देवीची ओटी भरायची होती. त्यासाठी काकीनं सुनेला हिरवी साडी आणली होती, आणि ती निम्म्या गावाला दाखवूनही झाली होती.

“आप्पा, मी काय म्हणते...” मनस्वीनं तोंड उघडलं.

“तू गप गो. मोठी माणसं बोलतायत,” काकी म्हणाली आणि आप्पांकडे वळली. “एवढं काय वाईट आहे त्यात, ते गावाला तरी कळू दे. सुजय, वाच मोठ्यानं.”

“तुम्हीच लिहिलंत, तुम्हीच वाचा की,” तक्रार घेऊन आलेला तरुण सुजय मोबाईल काढत म्हणाला.

“चष्मा घरी राहिला. आणि तक्रार तुमची, मी का घसा कोरडा करू?”

सुजय वाचू लागला. पहिला लेख विजेच्या तारेवर बसणाऱ्या खंड्या पक्ष्याचा. दुसरा जुने रेडिओ उघडून दुरुस्त करण्याच्या नादाचा. तिसरा क्रिकेटपेक्षा फुटबॉल का बरा, याचा.

“काकी, तुम्ही फुटबॉल बघता?”

“का? बाईमाणसाला पाय नसतात? पुढं वाच.”

पुढचा लेख महाप्रसादाचा होता. बायकांनी पहाटेपासून रांधायचं आणि शेवटच्या पंगतीला करपलेल्या भातावर बसायचं, हे कुठल्या देवीनं सांगितलं, असं त्यात सरळ विचारलं होतं. पुरुष खाली बघू लागले. खांबाआडच्या बायकांत मात्र बांगड्या वाजल्या.

“हे बरं लिहिलंय,” काकी म्हणाली.

“स्वतःच स्वतःला शाबासकी?”

“मग दुसरं कोण देणार? तुम्ही?”

आप्पांनी सुजयच्या हातातला मोबाईल ओढून घेतला. “आणि हे? ‘सासूबाई सोलकढीत पाणी ओततात, पण सांगायची सोय नाही.’ अगो, तुझी सासू धोंडूबाई, तिला जाऊन जमाना झाला! मेलेल्या माणसाला तरी सोड!”

सगळा मंडप हसला. काकी हसली नाही. तिनं पदर सारखा केला.

“खरं असेल तर लिहावं माणसानं,” ती म्हणाली. “सासूला झोंबलं तर झोंबू दे.”

“म्हणजे बंद नाही करणार?”

“नाही.”

“सुनेची पहिली ओटी दारात होणार नाही हां. नंतर रडत येऊ नको.”

काकीनं मान खाली घातली. हिरवी साडी एकदा तिच्या डोळ्यांपुढून गेली असावी. मग मान वर झाली.

“देवी वर्षभर या देवळात राहते, आप्पा. तुमच्या खांद्यावर असते ती फक्त शिमग्यात. आम्ही इथं येऊन ओटी भरू. देवळाला कुलूप घालायचं असेल तर खुशाल घाला, मग पायरीवर भरू. आणि तेही लिहून येईल.”

आप्पांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. शेवटी कुणीतरी चहाचं विचारलं आणि बैठक मोडली.

जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरताना मनस्वीचे डोळे भरून आले. “आई, तुम्ही कशाला...”

“डोळे पूस आधी,” काकी म्हणाली. “आणि घर येईपर्यंत मला नीट सांग, ब्लॉग म्हणजे काय असतं? बंद करणार नाही, असं अख्ख्या गावाला सांगून आलेय मी.”